विरुंगातील पहारा

मध्य आफ्रिकेत रुवांडा, युगांडा आणि कांगो या तीन राज्यांच्या सरहद्दी जेथे एकमेकींना भिडतात, तेथे विरुंगा नावाची आठ ज्वालामुखी पर्वतांची रांग उभी आहे. पश्चिमेकडील दोन पर्वत अद्यापि धुमसत असतात. उरलेले सहा निवून थंड झाले असून त्यांच्या उतारांवर, सुमारे अडीच ते चार हजार मीटर उंचीच्या पट्ट्यात, बांबूची दाट बेटे, शेवाळाच्या झुली पांघरलेले हागेनियाचे वृद्ध वृक्ष आणि अंगास लागताच आग करणाऱ्या खाजऱ्या झुडपांचे रान माजलेले आहे. येथील धुके, पाऊस आणि रात्रीचा कडाका सोसण्याजोगे लांब, काळेभोर केस अंगावर वागवीत जो महाकपी या रानात राहतो, तो पर्वतीय गोरिला होय. त्याचा पूर्ण वाढलेला नर दीडशे किलोग्रॅमहून अधिक वजनाचा भरतो, आणि वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या पाठीवरील केस रुपेरी होऊ लागतात. असा रुपेरी पाठीचा नर हा आपल्या कुटुंबाचा मुखत्यार असतो. कोठे चरावयाचे, दुपारी कोठे विसावावयाचे आणि रात्रीचा मुक्काम कोठे टाकावयाचा, हे तो ठरवितो आणि माद्या, पिल्ले व तरुण नर निमूटपणे त्याच्या मागून जातात. एवढ्या बलाढ्य देहाचा आहार मात्र रानसेलरीचे देठ, काटेरी झुडपांचा पाला आणि हंगामात बांबूचे कोवळे कोंब इतकाच असतो.

पृथ्वीतलावर हा प्राणी दोनच ठिकाणी उरला आहे: एक विरुंगा आणि दुसरे त्याच्या उत्तरेस युगांडातील ब्विंडीचे अरण्य. कोणत्याही प्राणिसंग्रहालयात आज एकही पर्वतीय गोरिला नाही; तेव्हा या दोन रानांतून तो नाहीसा झाला, तर त्याचे बीज कोठेच शिल्लक राहणार नाही. १९८१ च्या शिरगणतीत विरुंगात अवघे २५४ गोरिला भरले होते, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस हा वंश संपेल अशी भीती अनेक जाणत्यांनी बोलून दाखविली होती. त्यानंतरच्या शिरगणत्यांत विरुंगाचा आकडा ६०४ वर गेला आणि ब्विंडीत ४५९ गोरिला मोजले गेले. म्हणजे एकूण संख्या १०६३ झाली. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने त्याचे नाव अतिसंकटग्रस्तांच्या यादीतून काढून त्याहून एक पायरी खालच्या, संकटग्रस्तांच्या यादीत घातले. मादी दहाव्या वर्षाच्या सुमारास प्रथम विते, एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते आणि दोन बाळंतपणांत सुमारे चार वर्षांचे अंतर ठेवते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या वाढीमागे किती वर्षांची सबुरी आहे ते कळते. माणूस वगळता महाकपींच्या कुळात आज ज्याची संख्या वाढत असल्याचे खात्रीने सांगता येते, असा हा एकटाच. ही वाढ कशी झाली, हे नीट समजून घेण्याजोगे आहे. कारण ती सरकारी फर्मानाने झाली नाही आणि अरण्यास कुंपण घालून माणसाने पाठ फिरविल्यानेही झाली नाही. ती झाली ती रोजच्या पहाऱ्याने, एकेका जिवाची नावनिशीवार पाळत ठेवल्याने.

पाश्चात्त्य विज्ञानास या प्राण्याची ओळख झाली तीच बंदुकीच्या नळीतून. १९०२ च्या ऑक्टोबरात फॉन बेरिंगे नावाचा एक जर्मन लष्करी कप्तान साब्यिन्यो पर्वत चढत असता त्याच्या तुकडीने दोन मोठे काळे कपी टिपले. त्यांपैकी एक दरीतून वर काढता आला. पुढे वाटेत तरसाने त्याचे कातडे आणि एक हात खाऊन टाकला, आणि उरलेला सांगाडा बर्लिनच्या संग्रहालयात पोहोचला. तेथील प्राणिशास्त्रज्ञ माचि याने १९०३ मध्ये त्यास मारणाऱ्याचेच नाव दिले, आणि आजही शास्त्रीय नामावलीत पर्वतीय गोरिला बेरिंगेच्याच नावाने ओळखला जातो. पुढील वीस-पंचवीस वर्षे युरोप-अमेरिकेतील संग्राहक आणि शिकारी या पर्वतांवर येत राहिले. त्यांतलाच एक कार्ल एकली. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयासाठी १९२१ मध्ये त्याने काही गोरिला मारले. परंतु मेलेल्या गोरिलाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचे मन पालटले, आणि बेल्जियमचा राजा पहिला आल्बर्ट याच्यामागे लकडा लावून त्याने हा मुलूख राखीव करविला. १९२५ मध्ये स्थापन झालेले ते आल्बर्ट उद्यान म्हणजे आफ्रिका खंडातील पहिले राष्ट्रीय उद्यान. पुढच्याच वर्षी एकली मिकेनोच्या उतारावर मरण पावला आणि तेथेच त्याचे दफन झाले.

राजाचा हुकूम झाला, नकाशावर रेघ उमटली. तथापि नकाशावरील रेघेने कोणताही प्राणी वाचत नाही. १९५९ मध्ये जॉर्ज शॅलर हा तरुण शास्त्रज्ञ येथे आला आणि हत्यार न बाळगता, आडोसा न घेता, गोरिलांच्या नजरेस पडेल असा दिवसचे दिवस बसून त्याने त्यांचा अभ्यास केला. छाती बडविणारा, माणसांवर तुटून पडणारा राक्षस ही जी प्रतिमा शिकाऱ्यांनी जगभर पसरविली होती, तिच्या जागी एक शांत, कुटुंबवत्सल, लाजरा प्राणी त्याने दाखवून दिला. त्याच्या अंदाजाप्रमाणे तेव्हा विरुंगात सुमारे साडेचारशे गोरिला होते. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच रुवांडाच्या हद्दीतील उद्यानाचे सुमारे १०,००० हेक्टर रान पायरेथ्रम या फुलाच्या लागवडीसाठी तोडण्यात आले. पांढऱ्या शेवंतीसारख्या दिसणाऱ्या या फुलापासून कीटकनाशक बनते, त्यास युरोपच्या बाजारात मागणी होती, आणि या योजनेला पैसाही युरोपातूनच आला होता. उद्यानाचा फार मोठा भाग असा गेल्यावर खालचे गोरिला वर सरकले, वरच्यांची चराई आखडली, आणि बांबूचे पट्टे शेतांनी गिळले. रयतेस दोष देता येत नाही. त्या ज्वालामुखीच्या काळ्या मातीत बटाटा आणि घेवडा असा काही पिकतो, आणि भोवतालची वस्ती आफ्रिकेतील अत्यंत दाट वस्त्यांपैकी एक आहे.

गोरिलाचा सर्वांत चिवट वैरी मात्र बंदूक नव्हे, फासकी. आपल्या कोकणात रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत जसा बिबट्या सापडतो, तसाच प्रकार येथे घडतो. शिकाऱ्यास हवे असते लहानसे हरीण. तो बांबूचा लवचीक दांडा वाकवून त्यास दोरीचा वा तारेचा सरकता फास बांधतो, जमिनीतील खळगी पाल्याने झाकतो आणि निघून जातो. हरणाचा पाय आत पडला की दांडा सुटून ताठ होतो आणि फास आवळला जातो. गोरिलाचे पिल्लू खेळता खेळता त्यात हात घालते. मोठा गोरिला शक्तीच्या जोरावर दांडा मोडून निसटतो खरा, पण तार मनगटात रुतलेली तशीच राहते, हात सुजतो, सडतो, आणि प्राणी कित्येक आठवडे झिजून मरतो. विरुंगातील अनेक गोरिलांस एखादे बोट किंवा अख्खा पंजा नाही, त्याचे कारण हेच. २०१२ मध्ये रुवांडातील संशोधकांनी पाहिले की, एका कुटुंबातील दोन पोरसवदा गोरिलांनी फासकीचा दांडा वाकवून मोडला आणि दोरीचा फास सोडविला. मोठ्यांना पाहून ते शिकले असावेत. हे वृत्त मनाला विलक्षण भिडते. परंतु गोरिला स्वतः फासक्या मोडू लागले म्हणून माणसाची जबाबदारी कमी होत नाही, आणि गस्तीवरचे लोक आजही दरवर्षी शेकडो फासक्या उपटून आणतात.

पहाऱ्याची कल्पना प्रथम जिने हट्टाने अंमलात आणली, ती डायन फॉसी. मानववंशशास्त्रज्ञ लुई लीकी यांच्या प्रेरणेने ती अमेरिकेतून आली, आधी कांगोत राहिली, तेथील बंडाळीमुळे निघाली, आणि १९६७ च्या सप्टेंबरात रुवांडाच्या बाजूस, करिसिंबी आणि विसोके या दोन पर्वतांमधल्या खिंडीत तिने कारिसोके हे ठाणे वसविले. गोरिलासारखी हालचाल करीत, पाला चघळण्याचा आव आणीत, गळ्यातून समाधानाचा दुहेरी हुंकार काढीत तिने एकेका कुटुंबाचा विश्वास मिळविला. प्रत्येक गोरिलाच्या नाकपुड्यांवरील सुरकुत्यांची नक्षी निराळी असते; ती कागदावर रेखाटून तिने प्रत्येकाची ओळख पक्की केली, आणि संशोधकांत ही पद्धत आजतागायत चालू आहे. कोलोनच्या प्राणिसंग्रहालयासाठी पकडलेली कोको आणि पकर ही दोन अर्धमेली पिल्ले तिने शुश्रूषा करून जगविली होती. पण तिचा विरोध न जुमानता ती जर्मनीस पाठविली गेली आणि १९७८ मध्ये दोन्ही तेथे मेली. त्याआधीच, १९७७ च्या शेवटच्या दिवशी, तिचा लाडका नर डिजिट शिकाऱ्यांना आडवा जाऊन मारला गेला होता. कुटुंबातील बाकीचे निसटले. डिजिटचे मस्तक आणि हात कापून नेलेले आढळले. त्यानंतर फॉसीने शिकाऱ्यांविरुद्ध जणू युद्धच पुकारले. तिने पकडलेल्यांना मारहाण केली, गुराख्यांची गुरे हुसकावली, प्रवाशांना डोंगरावर येऊ देण्यासही विरोध केला. १९८५ च्या डिसेंबरात तिच्याच झोपडीत तिचा खून झाला, आणि डिजिटशेजारी तिचे दफन करण्यात आले. तिच्यावाचून हा वंश टिकला नसता असे मला वाटते. आणि तिच्या एकटीच्या मार्गाने गेले असते तरीही तो टिकला नसता, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. भोवतालच्या माणसांना शत्रू ठरवून अरण्याची राखण फार काळ चालत नाही.

दुसरा मार्ग दाखविला तो एमी व्हेडर आणि बिल वेबर या दांपत्याने. ते १९७८ मध्ये रुवांडात आले तेव्हा सरकार उद्यानाचा आणखी एक मोठा तुकडा गुरांच्या चराईसाठी मोकळा करण्याच्या विचारात होते. जंगल तोडून जे उत्पन्न होईल, त्याहून अधिक उत्पन्न ते उभे ठेवून होईल, हे हिशेबाने पटवून दिल्याखेरीज तो विचार फिरणार नव्हता. १९७९ मध्ये पर्वतीय गोरिला प्रकल्प सुरू झाला. त्याची तीन अंगे होती: उद्यानाचे रक्षण, शाळांतून आणि गावांतून शिक्षण, आणि मोजक्या प्रवाशांना काटेकोर नियमांनी गोरिलांपर्यंत नेणे. यासाठी एखादे कुटुंब माणसाला सरावलेले असावे लागते, आणि हा सराव करण्यात दोनेक वर्षे जातात. एका कुटुंबाकडे दिवसातून एकदाच, आठच माणसे, तीही एकच तास. पंधरा वर्षांखालील मुलांना मज्जाव, सर्दी-खोकला असलेल्यास परत पाठवणी, ठरलेले अंतर राखण्याची सक्ती. रुवांडाने या एका तासाच्या परवान्याचे शुल्क २०१७ मध्ये दीड हजार डॉलर केले. एवढी किंमत ऐकून दचकावयास होते, पण पहारेकऱ्यांचे पगार याच पैशांतून निघतात.

हा पहारा दिवसभरात कसा चालतो, ते पाहण्यासारखे आहे. माग काढणारे लोक बहुतेक भोवतालच्याच खेड्यांतील. पहाटे ते आदल्या दिवशी गोरिला जेथे दिसले होते तेथे जातात आणि दडपलेल्या पाल्यावरून, चघळून टाकलेल्या देठांवरून, ओल्या चिखलात उमटलेल्या बोटांच्या सांध्यांवरून रात्रीचा मुक्काम गाठतात. गोरिला रोज संध्याकाळी नवी शय्या रचतो, पाला व फांद्या मोडून आपल्याभोवती गोल वळवितो आणि सकाळी त्यातच विष्ठा टाकून उठतो. त्यामुळे त्या शय्या म्हणजे त्या कुटुंबाची हजेरीपटावरची हजेरीच. लीद मोठी आणि शय्येत रुपेरी केस, तर तो नर; मोठ्या लिदेशेजारी अगदी लहान लीद, तर ती पिल्लासह मादी. शय्या मोजून पुढे जावयाचे, कुटुंब गाठावयाचे, घशातून तोच दुहेरी हुंकार काढून आपण आल्याची वर्दी द्यावयाची, आणि एकेकाचे नाक निरखून नोंदवहीत लिहावयाचे: अमुक खोकतो, तमका लंगडतो, तमकीच्या पिल्लाच्या हातात तार आहे. शिरगणतीच्या वर्षी हेच काम साऱ्या पर्वतरांगेवर पसरते. तुकड्या कानाकोपरा पालथा घालून लिदेचे नमुने जमवितात, आणि तिच्यातील जनुकांवरून कोणताही गोरिला दोनदा मोजला गेला नाही याची प्रयोगशाळेत खातरजमा केली जाते.

अशी रोजची वर्दी मिळत असल्यामुळेच वैद्य वेळेवर पोहोचू शकतो. १९८६ पासून या पर्वतांवर गोरिलांसाठी पशुवैद्यांचे पथक तैनात आहे. रुवांडात १९८८ मध्ये श्वसनाची गोवरासारखी साथ आली तेव्हा सरावलेल्या गोरिलांना लांबून बाण मारून लस टोचली गेली. माणसाची आणि गोरिलाची जनुके सुमारे ९८ टक्के सारखी आहेत, त्यामुळे आपल्या घशातील किरकोळ सर्दी त्याच्या फुप्फुसात प्राणघातक ठरू शकते. २००९ मध्ये मानवी श्वसनविषाणूने रुवांडातील एका कुटुंबाला गाठले आणि एक मादी व एक पिल्लू दगावले. ब्विंडीत १९९६ मध्ये गोरिलांच्या अंगावर खरूज उठली, त्यात एक पिल्लू मेले. युगांडाच्या उद्यानखात्यात नुकत्याच रुजू झालेल्या तरुण पशुवैद्य ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी उपचार केले आणि साथीचे मूळ शोधले, ते शेतातील बुजगावण्यांवर अडकविलेल्या, खरूज झालेल्या माणसांच्या कपड्यांपर्यंत जाऊन पोहोचले. गावातील माणसांना औषध मिळाल्याखेरीज रानातील गोरिला निरोगी राहणार नाही, हे ओळखून त्यांनी २००३ मध्ये एक संस्था काढली, जी गावकऱ्यांचे आरोग्य आणि गोरिलांचे आरोग्य एकत्र पाहते. माझ्या मते या साऱ्या कहाणीत याहून शहाणपणाची गोष्ट दुसरी नाही.

पहाऱ्याचा परिणाम आकड्यांत मोजला गेलेला आहे. मार्था रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये विरुंगाच्या चाळीस वर्षांच्या नोंदी तपासून दाखविले की, माणसाला सरावलेली आणि म्हणून रोज नजरेखाली असलेली कुटुंबे वर्षाला सुमारे ४.१ टक्क्यांनी वाढली, आणि न सरावलेली, केवळ उद्यानाच्या नेहमीच्या बंदोबस्तावर सोडलेली कुटुंबे वर्षाला ०.७ टक्क्यांनी घटली. रान तेच, पाऊस तोच, खाणे तेच. फरकाचा मोठा हिस्सा वैद्यकीय उपचारांचा होता. पर्वतीय गोरिलाचाच जवळचा भाऊबंद, पूर्व कांगोतील सखल रानांत राहणारा ग्राउअर गोरिला, लढायांच्या आणि खाणींच्या गर्दीत निम्म्याहून अधिक घटला; तेथे असा पहारा बसविणे शक्य झाले नव्हते.

हा पहारा स्वस्तात पडलेला नाही. १९९४ मध्ये रुवांडात जो नरसंहार झाला, त्यात कारिसोकेचे ठाणे लुटले गेले, लाखो निर्वासित कांगोच्या हद्दीत गोमा शहराभोवती उतरले आणि सरपणासाठी विरुंगाचे रान कापू लागले. तरीही माग काढणारी माणसे शक्य तेव्हा डोंगर चढत राहिली. कांगोच्या विरुंगा उद्यानात आजवर दोनशेहून अधिक रक्षक मारले गेले आहेत. २००७ च्या जुलैत तेथे सेंक्वेक्वे हा नर आणि त्याच्या कुटुंबातील माद्या गोळ्या घालून मारल्या गेल्या. मांस नेले नव्हते, पिल्ले पळविली नव्हती. रानात चोरून भट्ट्या लावून गोमाला कोळसा पुरविणाऱ्या टोळ्यांचा यामागे हात होता, रक्षकांना धाक बसावा एवढ्यासाठी. गावकऱ्यांनी ते प्रचंड देह बांबूच्या डोलीवर खांद्याला खांदा लावून खाली आणले. त्याच साली आईच्या प्रेताला बिलगलेली दोन महिन्यांची एनडाकासी रक्षकांना सापडली. आंद्रे बाउमा या रक्षकाने तिला रात्रभर छातीशी धरून ऊब दिली, अनाथ गोरिलांच्या आश्रमात वाढविले, आणि २०२१ मध्ये तिने त्याच्याच मांडीवर प्राण सोडला.

एका अन्यायाबद्दल मात्र बोलल्यावाचून राहवत नाही. या अरण्यांचे मूळचे रहिवासी बाट्वा लोक. मध, कंद आणि शिकार यांवर जगणाऱ्या या लोकांनी गोरिलांना कधी मारून खाल्ले नाही, असे ते सांगतात; तरी १९९१ मध्ये ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट एका हुकुमाने रद्द होऊन ते बाहेर काढले गेले, आणि बहुतेकांना जमिनीचा मोबदला मिळाला नाही. आज पुष्कळ बाट्वा दुसऱ्यांच्या शेतांवर मजुरी करतात. ब्विंडीच्या काही भागात गावकऱ्यांना औषधी वनस्पती व टोपल्यांचे वेत नेण्याची आणि मधाच्या पेट्या ठेवण्याची मुभा पुढे दिली गेली, आणि रुवांडात उद्यानांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा भोवतालच्या गावांच्या शाळा, दवाखाने व पाण्याच्या टाक्यांसाठी बाजूला काढला जातो. पण ज्यांचे घरच रान होते, त्यांना टाकीच्या पाण्याने घर परत मिळत नाही.

परवान्यावर पोसलेला पहारा किती नाजूक आहे, हे २०२० मध्ये उघड झाले. करोनाच्या साथीमुळे प्रवासी बंद झाले, ब्विंडीभोवतालच्या गावांचे उत्पन्न आटले, फासक्या वाढल्या, आणि जूनमध्ये रानडुकराच्या शिकारीस गेलेल्या एकाने राफिकी या नराला भाल्याने भोसकले. आरोपीस ११ वर्षांची कैद झाली. पण राफिकीचे कुटुंब पोरके व्हावयाचे ते झालेच. दुसरीकडे वाढीनेही नवी अडचण उभी केली आहे. रुवांडाच्या बाजूस २००७ नंतर कुटुंबे फुटून त्यांची संख्या वाढली, ती एकमेकांस वारंवार भिडू लागली, आणि त्या झुंजींत नर मरतात, परक्या नरांकडून पिल्लेही मारली जातात. त्यांना आता जागा हवी आहे, आणि ती शेतांतूनच मिळणार. रुवांडा सरकारने आपल्या उद्यानाचा विस्तार जवळजवळ एक चतुर्थांशाने करण्याचे योजिले आहे, त्यासाठी हजारो कुटुंबांना उठवून नव्या वसाहतींत नेले जाणार आहे. ती कुटुंबे कोठे जातात, त्यांना किती जमीन मिळते, आणि ती पूर्वीइतके पिकवू शकतात की नाही, याचा हिशेब गोरिलांच्या शिरगणतीइतक्याच काटेकोरपणे ठेवला गेला पाहिजे. बाट्वांच्या वेळी तो ठेवला गेला नव्हता.